कुंडीतील ऑर्किड विकायचे, तर आधी ते ग्राहकाच्या घरात जगले पाहिजे

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा राज्यातील अनेक फूल उत्पादकांना तोडणीला आलेला गुलाब आणि जरबेरा फेकून द्यावा लागला. बाजार पुन्हा सुरू झाले, पण सजावटीत प्लास्टिकच्या फुलांनी जागा धरली आणि त्याविरुद्ध उत्पादकांना न्यायालयात व विधिमंडळात दाद मागावी लागली. या अनुभवानंतर ‘तोडलेले फूल विकण्याऐवजी कुंडीतले झाड विकले तर?’ हा प्रश्न शेडनेट आणि पॉलिहाउसधारक शेतकरी वारंवार विचारतात. त्यात ऑर्किडचे नाव हमखास असते.

त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. मोठ्या शहरांतील रोपवाटिका, मॉल आणि ऑनलाइन विक्रीत फुललेले फालेनोप्सिस आता सहज दिसते. त्याची फुले झाडावर दोन ते तीन महिने टिकतात. संध्याकाळपर्यंत माल विकला नाही तर फेकावा लागेल, ही रोजची धास्ती राहत नाही. मात्र या व्यवसायात पैसे गुंतवण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधा. फुले गळून गेल्यावर, म्हणजे चौथ्या महिन्यात, ग्राहकाच्या घरी त्या कुंडीचे काय होते?

बहुतेक घरांत ती कचऱ्यात जाते. झाड मेलेले असते किंवा ‘आता याला फूल येत नाही’ म्हणून टाकून दिलेले असते. असा ग्राहक दुसरी कुंडी घेत नाही आणि शेजाऱ्यालाही ‘नको, जगत नाही’ असेच सांगतो. ऑर्किड भेट म्हणून एकदा विकले जाते. छंद म्हणून मात्र ते पुन्हा पुन्हा विकले जाते, आणि लहान उत्पादकाचा धंदा या पुन्हा येणाऱ्या ग्राहकावरच उभा राहतो. त्यामुळे घरातल्या कुंडीची निगा हा उत्पादकाच्या ताळेबंदाचा विषय आहे. शेतकऱ्यांनी आणि विस्तार कार्यकर्त्यांनी तो याच नजरेने पाहावा.

झाड घरात का मरते?

फालेनोप्सिस, डेंड्रोबियम, व्हँडा, ऑन्सिडियम ही बाजारात दिसणारी बहुतेक ऑर्किड निसर्गात झाडांच्या फांद्यांवर वाढतात. सह्याद्रीतील सीतेची वेणी आपल्याला माहीत आहे, तिचाही स्वभाव हाच. तिला अनेक जण बांडगूळ समजतात, पण बांडगूळ यजमान झाडाच्या आत मुळे घुसवून रस घेते. ऑर्किड फांदीचा फक्त आधार घेते. पावसाचे पाणी, हवेतील ओलावा आणि सालीवर साठलेला पालापाचोळा यांवर ते जगते.

ऑर्किडच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. पाऊस आला की ते काही क्षणांत पाणी शोषते आणि नंतर वाऱ्याने सुकते. भिजणे आणि सुकणे या फेऱ्यावरच मुळाचे आरोग्य अवलंबून असते. मुळाभोवती सतत ओल राहिली की हवा मिळत नाही, मूळ कुजते, आणि मूळ कुजले की पाणी असूनही पाने सुरकुततात. सुरकुतलेली पाने पाहून घरातील माणूस आणखी पाणी घालतो. झाड तिथेच संपते.

तुळशीला रोज पाणी घालणारा हात ऑर्किडलाही रोज पाणी घालतो. यात त्या माणसाची चूक थोडी आणि त्याला न सांगणाऱ्या विक्रेत्याची जास्त. त्यातच कुंडी छिद्र नसलेल्या चिनीमातीच्या भांड्यात बसवून दिलेली असते. काही जण घरी नेऊन ती लाल माती आणि शेणखतात लावतात. माती मुळांभोवती घट्ट बसते आणि पहिल्याच पावसाळ्यात झाड कुजते.

घरातील निगा: ग्राहकाला सांगण्याजोगे मुद्दे

प्रकाश
• भर उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. फालेनोप्सिसच्या चांगल्या वाढीला १० ते १५ हजार लक्स पुरतो. दिव्याच्या उजेडातील खोलीच्या मधोमध तो काहीशे लक्सच असतो. म्हणून टीव्हीशेजारचा कोपरा फुले असेपर्यंत शोभेला ठीक, झाड वाढवायला नाही.
• पूर्वेकडील खिडकी उत्तम. दक्षिण किंवा पश्चिमेकडील खिडकीत पातळ पडदा लावावा. खिडकीपासून दोन-तीन फूट आत गेले तरी प्रकाश झपाट्याने घटतो.
• पाने गर्द हिरवी, लांब आणि लोंबती झाली तर प्रकाश कमी पडतो आहे. पाने पिवळट किंवा लालसर झाली, त्यावर करपल्याचे डाग आले, तर ऊन जास्त आहे.

पाणी
• ठरावीक वार लावून पाणी देऊ नये. पारदर्शक कुंडीत मुळे रुपेरी-पांढरी दिसली आणि कुंडी हाताला हलकी लागली की पाणी द्यावे. मुळे हिरवी दिसत असतील तर थांबावे.
• नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा या माध्यमात उन्हाळ्यात साधारण तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात सात ते दहा दिवसांनी पाणी लागते. शेवाळ भरलेल्या कुंडीला त्याहून उशिरा.
• पाणी सकाळी द्यावे. कुंडीतून पाणी पूर्ण निथळू द्यावे आणि मगच ती शोभेच्या भांड्यात ठेवावी. भांड्याच्या तळाशी पाणी साठू देऊ नये.
• फालेनोप्सिसच्या मधल्या पोग्यात पाणी राहिले तर कापसाने टिपून घ्यावे. पोगा कुजला की झाडाचा वाढीचा शेंडाच जातो.
• घरातील आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी कुंड्यांना घालायची सवय अनेकांना असते. त्यात क्षार एकवटलेले असतात. ऑर्किडला ते देऊ नये. क्षारयुक्त बोअरचे पाणीही टाळावे. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले.

हवा आणि तापमान
• एसीच्या कोरड्या झोतासमोर कुंडी ठेवू नये. कळ्या गळतात. विदर्भ, मराठवाड्यात उन्हाळ्यात कूलर असलेल्या खोलीतील दमट हवा झाडाला मानवते, मात्र थेट झोत नको.
• पावसाळ्यात दमट आणि कोंदट हवेत रोग वाढतात. खिडकी उघडी ठेवावी किंवा पंख्याची मंद हवा मिळू द्यावी.
• पिकलेली केळी, आंबे यांच्या शेजारी फुललेली कुंडी ठेवू नये. फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे फुले लवकर मान टाकतात.

खत
• १९:१९:१९ सारखे विद्राव्य खत अर्धा ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून १० ते १५ दिवसांनी द्यावे. महिन्यातून एकदा नुसत्या भरपूर पाण्याने माध्यम धुऊन काढावे. शेणखत, गांडूळखत मुळांवर घालू नये, माध्यमातील पोकळी बुजते.

कीड आणि रोग
• पानाच्या बगलेत कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. घरात कीटकनाशक फवारू नये. सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून घ्यावे आणि आठवड्याने पुन्हा तपासावे. खवले किडीलाही हाच उपाय.
• पानावर पाणथळ, मऊ, वास येणारा डाग दिसला तर तो भाग निरोगी पानाच्या थोड्या अंतरासह कापून टाकावा, कापलेल्या जागी दालचिनी पूड लावावी आणि काही दिवस पाणी कमी करावे. दालचिनी मुळांना लागू देऊ नये, ती मुळे सुकवते.
• एका झाडाला वापरलेली कात्री ज्योतीवर तापवल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये. ऑर्किडचे विषाणू कात्रीमार्फतही पसरतात आणि त्यांवर औषध नाही.

कुंडी बदलणे
• माध्यम दीड-दोन वर्षांत कुजून बारीक होते. फुले संपल्यावर, नवीन मुळांची हिरवी टोके दिसू लागली की कुंडी बदलावी. कुजलेली, पोकळ मुळे कापावीत. सोडणाचे तुकडे आधी दोन-तीन दिवस भिजवून, पाणी बदलून धुवावेत, म्हणजे त्यातील क्षार निघून जातात.

दुसऱ्यांदा फूल येण्याचे गणित

‘याला पुन्हा फूल का येत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर ग्राहकाला आणि उत्पादकाला दोघांनाही माहीत असायला हवे. फालेनोप्सिसला फुलदांडा काढण्यासाठी थोडा गारवा लागतो. दिवसा २५-२६ आणि रात्री १८ ते २० अंश सेल्सिअस असे तापमान चार ते सहा आठवडे मिळाले की दांडा निघतो. तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिले तर झाड निरोगी पाने काढत राहते, फूल काढत नाही.

ग्राहकाला यात एक सोपा उपाय आहे. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर भागात नोव्हेंबर ते जानेवारी या काळात कुंडी बंद खोलीऐवजी आडोशाच्या बाल्कनीत ठेवावी. हवा तेवढा गारवा तिथे फुकट मिळतो. रात्रीचे तापमान १४-१५ अंशांखाली जाणार असेल तेव्हा मात्र कुंडी आत घ्यावी. दांडा दिसल्यापासून फूल उमलायला साधारण तीन महिने लागतात. फुले संपल्यावर दांडा हिरवा असेल आणि झाड सशक्त असेल, तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापावा. तिथून पुन्हा फांदी फुटू शकते. झाड अशक्त असेल तर दांडा मुळापासून काढावा आणि झाडाला विश्रांती द्यावी. डेंड्रोबियममध्ये मात्र फुले येऊन गेलेल्या कांड्या कापू नयेत. त्यात झाडाचा अन्नसाठा असतो आणि जुन्या कांडीवरही पुन्हा फुले येतात.

हेच गणित तुमच्या शेडनेटला लावा

आता हेच तापमान उत्पादकाच्या बाजूने पाहा. महाराष्ट्राच्या पठारावर फालेनोप्सिस नैसर्गिक गारव्यावर हिवाळ्यात दांडा काढेल आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास फुलेल. ग्राहक कुंडी मागतो गणपतीत, दिवाळीत आणि लग्नसराईत. दिवाळीला फुललेली कुंडी हवी असेल, तर जून-जुलैत झाडाला गारवा द्यावा लागतो. साध्या शेडनेटमध्ये ते जमत नाही. त्यासाठी नियंत्रित पॉलिहाउस, शीतकरण, खात्रीची वीज आणि तिचे बिल लागते. शिवाय बाटलीतील उतीसंवर्धित रोपापासून फालेनोप्सिसची फुललेली कुंडी व्हायला दीड ते दोन वर्षे, काही वेळा त्याहून जास्त लागतात. तेवढा काळ भांडवल अडकून राहते.

स्पर्धाही ध्यानात घ्या. फालेनोप्सिसच्या उत्पादनात नेदरलँड्स आणि तैवान जगात पुढे आहेत. तिथे वाढीचा प्रत्येक टप्पा नियंत्रित असतो आणि उत्पादन प्रचंड प्रमाणात होते. दहा-वीस गुंठ्यांच्या उत्पादकाने केवळ किमतीवर त्यांच्याशी टक्कर घेणे आतबट्ट्याचे आहे. पाने तजेलदार आणि दांडा एकही नाही, अशी फालेनोप्सिसने भरलेली शेडनेट उभी राहिली, तर दोष झाडाचा नसतो. कर्ज घेण्याआधी थर्मामीटर न पाहिल्याचा तो परिणाम असतो.

आपल्या हवामानानुसार निवड अशी करता येईल:
• कोकण, गोवा आणि किनारपट्टी: उष्ण-दमट हवेत फुलणारी संकरित डेंड्रोबियम. यांना फुलासाठी गारवा लागत नाही. साधारण ५० टक्के सावलीच्या शेडनेटमध्ये ती वाढतात. एकाच बागेतून लांडी फुलदांड्यांच्या आणि कुंडीच्या अशा दोन्ही बाजारांना माल देता येतो. तोडलेल्या फुलांत थायलंडच्या मालाशी स्पर्धा असते, म्हणून कुंडीचा पर्याय हाताशी असलेला बरा.
• पुणे, सातारा, नाशिकचा पश्चिम पट्टा: नियंत्रित पॉलिहाउस आधीपासून असेल तरच फालेनोप्सिसचा विचार करावा. तयार झाडे घेऊन फक्त फुलवण्याचा टप्पा सांभाळणे हा कमी जोखमीचा मार्ग आहे.
• विदर्भ, मराठवाडा: उन्हाळ्यातील कोरडी उष्णता ही मोठी अडचण. फॉगर आणि शीतकरणाचा खर्च धरून हिशेब जुळला, तरच पुढे जावे.
• सिंबिडियम सिक्कीम, दार्जिलिंगसारख्या थंड डोंगराळ भागातील पीक आहे. छायाचित्रे पाहून ते मैदानी भागात लावू नये.
• व्हँडाच्या उघड्या मुळांना जवळजवळ रोज पाणी आणि भरपूर प्रकाश लागतो. फ्लॅटमधील नव्या ग्राहकाला हे झाड विकू नये. बंगल्यात, अंगणात जागा असलेल्यालाच द्यावे.

कुंडी गाडीत चढण्याआधी

घरात झाड जगेल की नाही, याचा बराचसा निकाल पॅकिंगच्या टेबलावर लागतो. म्हणून विक्रीआधी पुढील गोष्टी करा.

• विक्रीपूर्वी १०-१५ दिवस झाड कमी प्रकाशात ठेवून, खत थांबवून घरातील वातावरणाची सवय लावा. शेडनेटमधून थेट बैठकीच्या खोलीत गेलेले झाड कळ्या गाळते.
• लहान रोप बऱ्याचदा शेवाळाच्या गोळ्यात वाढवलेले असते. मोठ्या कुंडीत बाहेरचे माध्यम सुकले तरी मधला गोळा ओला राहतो. कुंडी बदलताना तो सोडवून काढा किंवा ग्राहकाला तसे स्पष्ट सांगा.
• छिद्रे असलेली पारदर्शक कुंडीच वापरा. शोभेचे भांडे वेगळे द्या.
• प्रत्येक कुंडीला मराठी चिठ्ठी लावा. त्यावर जातीचे नाव, माध्यम बदलल्याचा महिना, ‘मुळे पांढरी दिसली की पाणी, हिरवी असतील तर थांबा’ ही सूचना आणि तुमचा व्हॉट्सॲप क्रमांक एवढे पुरे.
• फुले संपलेली कुंडी परत घेऊन तिची निगा राखण्याची सेवा द्या. माध्यम बदलून, तीन-चार महिने शेडनेटमध्ये सांभाळून, दांडा आल्यावर ती ठरावीक शुल्कात ग्राहकाला परत द्यायची. लेकीच्या माहेरपणासारखेच हे. हॉटेल, रुग्णालय, कार्यालय यांना फुललेल्या कुंड्या भाड्याने देऊन दर दोन महिन्यांनी बदलून देता येतात.

या सेवेचा फायदा आकड्यांत पाहू. समजा, तुम्ही शंभर कुंड्या विकल्या. झाडे मेली आणि पाचच ग्राहक परत आले, तर पुढच्या वर्षी ९५ नवे ग्राहक शोधावे लागतील. चिठ्ठी आणि सेवेमुळे तीस ग्राहक परत आले, तर ७० शोधावे लागतील. शिवाय त्या तीस जणांकडून माध्यम, खत आणि निगेचे पैसेही मिळतील. परदेशातून आलेली कुंडी कितीही स्वस्त असली, तरी तिच्यामागे फोन उचलणारा शेतकरी नसतो. लहान उत्पादकाला मोठ्यांपुढे टिकायचे तर हाच त्याचा जोर आहे.

जंगलातील ऑर्किडला हात लावू नका

मागणी वाढली की घाटमाथ्यावरून ओरबाडून आणलेली सीतेची वेणी रस्त्याकडेला विकायला येते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीनुसार देशात ऑर्किडचे १,२५६ प्रकार आहेत आणि त्यांतील ३८८ फक्त भारतातच आढळतात. वनक्षेत्रातून झाडे काढणे हा गुन्हा आहे. निळी व्हँडा, लाल व्हँडा आणि पॅफियोपेडिलम गटातील ऑर्किडना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. संपूर्ण ऑर्किड कुळ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने आयात-निर्यातीला कागदपत्रे लागतात. २०२२ च्या दुरुस्तीने या कराराची अंमलबजावणी वन्यजीव कायद्यात आली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. म्हणून रोपांची खरेदी पावतीसह, उतीसंवर्धनातील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच करा. रोपे विषाणूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मागा. आयात रोपे घेत असाल तर विक्रेत्याकडे आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आहे का, ते पाहा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात संरक्षित शेतीच्या रचनेला आणि त्यातील ऑर्किड, अँथुरियम लागवडीला ठरावीक क्षेत्रमर्यादेत अर्थसाह्य आहे. मापदंड वेळोवेळी बदलतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी तालुका कृषी कार्यालयात खात्री करावी. अनुदान रचनेला आणि लागवडीला मिळते, ग्राहक मात्र शेतकऱ्यालाच शोधावा लागतो. म्हणून प्रस्तावावर सही करण्याआधी शेतकऱ्याला पाच प्रश्न विचारा.

१. प्रस्तावित जागेवर वर्षभरातील रात्रीचे किमान तापमान नोंदले आहे का?
२. पाण्याची तपासणी झाली आहे का? विद्युत वाहकता ०.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत आहे का? नसेल तर पावसाचे पाणी साठवण्याची सोय आहे का?
३. पहिले फूल येईपर्यंतचा घरखर्च आणि कर्जाचा हप्ता कशातून भागणार?
४. दोन-तीन तासांच्या अंतरात कुंड्या घेणारे शहर आणि किमान तीन विक्रेते ठरले आहेत का?
५. शेतकऱ्याने स्वतःच्या घरात एक ऑर्किड वर्षभर जगवून पुन्हा फुलवले आहे का?

पाचवा प्रश्न ऐकून काही जण हसतील. पण ज्याला खिडकीतली एक कुंडी दुसऱ्यांदा फुलवता आली नाही, तो ग्राहकाला काय सांगणार? सुरुवात पाच हजार रोपांनी न करता दहा कुंड्यांनी करा. त्यातील पाच शेडनेटमध्ये ठेवा आणि पाच गावातील व शहरातील ओळखीच्या घरांत द्या. चिठ्ठीही सोबत द्या. एक वर्षाने त्या घरांत जाऊन मुळे पाहा. तिथल्या पाच कुंड्यांपैकी किती जिवंत आहेत आणि किती फुलल्या, हे पाहूनच पुढच्या रोपांची मागणी नोंदवा.